आर्मा ३ : तासभर चालून एका गोळीत मरण्यात नक्की मजा काय आहे?

आडवाटेचा

राम राम मंडळी,

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये आर्मा ३ हा सैनिकी कॉम्प्युटर गेम मातीमोल भावात मिळाला म्हणून घेऊन टाकला. पूर्वानुभव म्हणाल तर कॉलेजात सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६, नंतर कॉल ऑफ ड्यूटी आणि लॉकडाउनमध्ये सगळ्यांसारखं पब्जी. म्हणजे बंदुकीचे खेळ मला नवे नाहीत. पण हा काय प्रकार आहे?

मित्राने त्यांच्या सर्व्हरवर बोलावलं. नकाशा उघडला तर आपण कुठे आहोत तेच त्यात दाखवत नाही. होकायंत्र बघ म्हणे. जरा पळलं की धाप लागते आणि बंदूक डुलायला लागते. डोंगर चढलो, उतरलो, कुठल्याशा भिंतीपाशी पोचलो, डोकं वर काढलं आणि पडदा काळा. कोणी मारलं, कुठून मारलं, पत्ता नाही. गुण नाहीत, पुन्हा जन्म नाही. मित्र शांतपणे म्हणतो, "आता बघत बस, तासाभरात संपेल."

प्रश्न सरळ आहे. यात लोकांना मजा कसली वाटते? स्टीमवर दोन तासांच्या आत खेळलं असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात. माझा थोडा वेळ अजून शिल्लक आहे. ठेवू की परत करू?

खारीबिस्किट

मी पयला! (खेळलेलो नाही. पण पयला.)

वणीचा_वाघ

परत कर भाऊ. मी घेऊन पस्तावून राहिलो. आमच्या लॅपटॉपवर उघडला की पंखा असा ओरडतो का आई सैपाकघरातून इचारते, मिक्सर कोणं लावला म्हणून. अन् दिसते काय, तर गवत. तासभर गवत.

गवतातला_नाग

वणीचा_वाघ, गवताचीच गोष्ट निघाली तर सांगतो. नवे खेळाडू सगळ्यात जास्त त्या गवतानेच मरतात. आपण आडवे पडलो की आपल्याला सगळीकडे हिरवंगार दिसतं आणि वाटतं, झक्कास लपलोय. पण ठराविक अंतरापलीकडे खेळ गवत रंगवतच नाही. पाचशे मीटरवरून बघणाऱ्याला तुम्ही सपाट जमिनीवर पालथे पडलेले दिसता. मोठा दगड, घराचा कोपरा, टेकडीची पलीकडची उतरण, एवढंच खरं आडोशाला उपयोगी.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे. तुम्ही हा चुकीच्या क्रमाने खेळलात. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर जाऊ नये. आधी 'बूटकॅम्प' नावाची छोटी मोहीम आहे ती करा, मग 'शोकेस' नावाचे सुटे प्रसंग आहेत ते बघा, मग 'ईस्ट विंड' ही मुख्य कथा. त्यात केरी नावाचा साधा कॉर्पोरल आहे, तो काही एकटा जग वाचवत नाही, बराच वेळ नुसता पळत आणि लपत असतो. आणि बटणं शिका. कंट्रोल दाबून डब्ल्यू आणि एस ने शरीर थोडं थोडं वर-खाली करता येतं. भिंतीवरून अख्खं डोकं काढायची गरज नसते, चार बोटं उंच झालं तरी पुरतं. तुम्ही पूर्ण उभे राहिला असणार, पैज लावतो.

मजा कशात आहे? गोळी झाडण्यात नाहीच. तिथे पोचण्यात आहे. कसोटी सामना आणि टी-ट्वेन्टी यांत जो फरक तोच हा.

खारीबिस्किट

प्रत्येक गोष्टीला कसोटी आणि टी-ट्वेन्टीची उपमा देणाऱ्यांवर जीएसटी लावा.

गवतातला_नाग

खारीबिस्किट, अठ्ठावीस टक्के मंजूर.

फौजीआण्णा

नमस्कार. मी सैन्याच्या सिग्नल्समधून रिटायर होऊन गावी आलोय, सातारा जिल्हा. खेळ मी खेळत नाही, पण पुतण्या खेळतो आणि मी मागं खुर्ची टाकून बसतो. टीव्हीपेक्षा बरं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका गोष्टीनं कान टवकारले. गोळी जवळनं गेली की आधी 'चटाक' असा आवाज येतो आणि थोड्या वेळानं लांबून 'धप्प'. हे खरंय. गोळी आवाजाच्या पुढं पळते, त्यामुळं तिचा फटकारा आधी ऐकू येतो आणि बंदुकीचा बार मागनं येतो. या दोन्हीत साधारण सेकंदाचं अंतर असलं तर मारणारा सहाशे मीटरच्या आसपास आहे असं समजायचं. पुतण्याला सांगितलं, चटाकाकडं बघू नकोस, धप्प कुठनं आलं ते ऐक. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं टेकडीवरचा माणूस हुडकून काढला.

आडवाटेचा, तुम्ही म्हणता कुठून मारलं पत्ता नाही. तर खेळात पत्ता दिलेला असतो, फक्त कानाला.

आता जे खोटं आहे तेही सांगतो. पाठीवरचं वजन नुसतं आकड्यात आहे. पट्टा खांद्यात रुततो, बुटात पाणी जातं, तहान लागते, रात्री झोप आवरत नाही, ते कसं येणार? आणि भीती. पोरगं मेलं की उठून चहा प्यायला जातं. त्यामुळं हा खेळ खेळून सैन्य समजलं असं कुणी म्हणू नये. नकाशा वाचायला आला म्हटलं तर मान्य.

प्राग_ते_पुणे

फौजीआण्णा, प्रतिसाद फार आवडला. तुम्ही म्हणता ते वजन आणि भीती सोडून बाकीचं इतकं खरं का आहे, याची पार्श्वभूमी देतो. नोकरीनिमित्त काही वर्षं प्रागमध्ये होतो, तिथलीच ही कंपनी.

बोहेमिया इंटरॅक्टिव्ह ही श्पानेल बंधूंची. २००१ मध्ये त्यांचा 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' आला, शीतयुद्धातल्या कल्पित बेटांवरचा. प्रकाशक कोडमास्टर्सशी फाटलं, नाव त्यांच्याकडे राहिलं, म्हणून पुढचा खेळ आर्मा या नावाने निघाला. २००६ ला पहिला, २००९ ला दुसरा, २०१३ ला तिसरा. दुसऱ्यातला चेर्नारुस नावाचा देश वरवर रशियाजवळचा वाटतो, पण जमीन उस्ती नाद लाबेम भागातली, म्हणजे चक्क उत्तर चेकियातली आहे. मी तिकडे फिरायला गेलो होतो. सोबतचा चेक सहकारी एका वळणावर म्हणाला, इथे मी पुष्कळदा मेलोय.

याच तंत्रावर त्यांनी सैन्यांसाठी 'व्हीबीएस' नावाची प्रशिक्षण प्रणाली काढली. अमेरिकन मरीन, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक सैन्यांनी ती वापरली. तो धंदा पुढे वेगळी कंपनी झाला आणि २०२२ मध्ये बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश शस्त्रास्त्र कंपनीने २० कोटी डॉलरला विकत घेतला.

आणि आर्मा ३ चा नकाशा? अल्टिस हे बेट ग्रीसच्या लेम्नोसवरून बेतलंय, जरा आक्रसून, तरी सुमारे २७० चौरस किलोमीटर. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीचे दोन कर्मचारी लेम्नोसला गेले असता लष्करी ठाण्यांचं चित्रीकरण केल्याच्या आरोपावरून ग्रीक पोलिसांनी त्यांना हेरगिरीसाठी धरलं. आम्ही सुट्टीवर आलो होतो, हे त्यांचं म्हणणं. जामीन मिळाला तो २०१३ च्या जानेवारीत. त्यानंतर खेळातल्या बेटाचं नाव लेम्नोसचं अल्टिस झालं.

शेवंता_४.०

बापरे. खेळापायी चार महिने तुरुंग. आमच्याकडे खेळापायी फक्त वायफायचा पासवर्ड बदलतात.

सायलीची_आई

सगळं वाचलं. कौतुकाचा सूर जरा जास्त होतोय असं वाटतं म्हणून लिहिते. माझा भाचा नववीत आहे, रात्री दोन-दोनपर्यंत हेडफोन लावून "काँटॅक्ट, काँटॅक्ट" ओरडत असतो. तुम्ही म्हणता नकाशा वाचायला येतो. त्याला स्वतःच्या कपाटात मोजे सापडत नाहीत. आणि शेवटी माणसं मारण्याचाच खेळ ना? खरेपणा वाढला म्हणजे चांगुलपणा वाढला असं कुठे आहे?

गवतातला_नाग

ताई, रात्री दोन वाजताचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो कुठल्याही खेळाला लागू. नववीतल्या मुलाने हा खेळू नये हेही मान्य.

पण खरेपणाबद्दल एक सांगतो. २०१७ मध्ये याच खेळाची 'लॉज ऑफ वॉर' नावाची भर आली, ती बनवताना आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची मदत घेतली होती. त्यात तुम्ही सैनिक नसता. युद्ध संपल्यावर ओरिओकास्त्रो नावाच्या उद्ध्वस्त गावात सुरुंग काढणारा माणूस असता. एक पत्रकार फोनवर प्रश्न विचारते आणि एकेका वस्तूसोबत कळत जातं की ती तिथे कशी आली, कोणी पेरली, कोणाचा पाय गेला. मधे मधे तुम्हाला त्याच गावातले वेगवेगळ्या बाजूंचे लोक व्हावं लागतं. सुरुवातीच्या विक्रीतला वाटा कंपनीने रेड क्रॉसला दिला, पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास. एवढा अस्वस्थ करणारा बंदुकीचा खेळ मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

फौजीआण्णा

सुरुंगाचं निघालं म्हणून लिहितो. ऑपरेशन पराक्रमला, म्हणजे २००१-०२ ला पाकिस्तान सीमेवर फौज उभी केली तेव्हा, मैलोन्‌मैल सुरुंग पेरले होते. पेरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट काढायला लागतो. पाऊस झाला, वाळू सरकली की नकाशातली जागा आणि जमिनीतली जागा जुळत नाही. काढताना आपली पोरं गेली, शेतकऱ्यांची जनावरं गेली. सुरुंगबंदीचा ओटावा करार १९९७ चा, आपण त्यात नाही, पाकिस्तान नाही, चीन नाही, अमेरिकाही नाही. का नाही त्याची कारणं आहेत, इतकी लांब सीमा राखायची म्हणजे सोपं नव्हे. पण ती भर पुतण्याला घ्यायला सांगितली आहे. ती मी स्वतः खेळणार.

सायलीची_आई

ही माहिती नव्हती. भाच्याच्या आईला सांगते. मोज्यांचा मुद्दा मागे घेत नाही.

डॉ_ओपीडी

अवांतर वाटेल, पण आमच्या हॉस्टेलवर हा खेळ 'एस' नावाचा मॉड (खेळाडूंनीच बनवलेली जोडणी) लावून खेळायचे. त्यात गोळी लागली की लगेच मरत नाही. कुठे लागली, रक्त किती जातंय, नाडी किती, सगळं तपासावं लागतं. हातापायातून धार लागली तर आधी टूर्निकेट (रक्त थांबवायचा पट्टा) आवळायचं, मग पट्ट्या बांधायच्या, मग सलाइन किंवा रक्त. दुखतंय म्हणून मॉर्फिन ठोकलं आणि नाडी आधीच मंद असेल तर जखमी तुमच्याच हातून दगावतो. इंटर्न पोरं एकमेकांना शिव्या घालत हे करायची आणि खरंच क्रम पाठ झाला. एक दुरुस्ती फक्त. प्रत्यक्षात टूर्निकेट कधी आवळलं ती वेळ लिहून ठेवायची असते. ती सवय खेळातून लागत नाही.

खारीबिस्किट

डॉक्टर, तुमच्याकडे आलो तर मॉर्फिन शेवटी द्या.

शंकासुर

या खेळाचा एक विषय अजून कोणी काढला नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'युद्धाचे थरारक व्हिडिओ'. त्यांतले किती आर्मा ३ चे असतात याला गणती नाही. रात्रीचं काळं आकाश, त्यात लाल गोळ्यांची फवारणी आणि एक विमान घिरट्या घालतंय, ती क्लिप तर युक्रेन, गाझा, सगळीकडे 'आत्ताचं दृश्य' म्हणून फिरून आली. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरवर पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून आपल्याच काही वृत्तवाहिन्यांनी या खेळाचं चित्रण दाखवलं. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षाच्या चार दिवसांत दोन्हीकडून असल्या क्लिपांचा पूर आला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमियानेच निवेदन काढून ओळखायच्या खुणा सांगितल्या. चित्र मुद्दाम धूसर केलेलं असतं, कॅमेरा फार हलतो, दृश्य बहुधा रात्रीचं किंवा अंधारं असतं, आवाज काढून टाकलेला असतो, आणि हलती माणसं जवळजवळ नसतात. ही शेवटची खूण सगळ्यात पक्की. रणगाडे आणि विमानं खेळात झकास जमतात, चालणारा माणूस लगेच पकडला जातो. क्वचित कोपऱ्यात खेळाची अक्षरंही राहून जातात.

वणीचा_वाघ

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकानं टाकला होता. मी लिहिलं, काका हा गेम आहे, माह्याकडं आहे. काका म्हणते, तुह्याकडं एवढं भारी कुठून आलं, तुह्या लॅपटॉपवर तर पीडीएफ उघडत नाही.

शेवंता_४.०

हहपुवा 😂 काका रॉक्स.

घाटमाथा

मला एक कळत नाही, आपल्याकडे असा खेळ का होत नाही? फौ-जी हा मोबाइल गेम आला होता ना, २६ जानेवारी २०२१ ला, केवढा गाजावाजा करून. उघडून बघतो तर बंदूकच नाही. नुसती हाणामारी.

प्राग_ते_पुणे

घाटमाथा, फौ-जी कंटाळवाणा होता हे मान्य, पण बंदूक नसणं ही त्याची चूक नव्हती. तो गलवानवर होता. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ गोळीबार न करण्याचा भारत-चीन करार १९९६ चा आहे आणि २०२० च्या जूनमध्ये गलवानला झालेली झटापट दगड, दांडके, खिळे ठोकलेले सोटे यांनीच झाली.

आणि पब्जीबद्दल. पब्जीचा कर्ता ब्रेंडन ग्रीन याने बॅटल रॉयलचा (शेवटी एकच उरतो त्या प्रकाराचा) प्रयोग पहिल्यांदा आर्मा २ वर केला, डेझी या झोंबीवाल्या मॉडचा मॉड म्हणून. मग तो आर्मा ३ वर नेला आणि त्यातूनच २०१७ चं पब्जी. म्हणजे लॉकडाउनमध्ये आपल्या गल्लीगल्लीतून जे "अरे कव्हर दे, कव्हर दे" ऐकू येत होतं त्याचं मूळ या तासभर गवतवाल्या खेळात आहे.

घाटमाथा

म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी नातवावर, म्हणजे पब्जीवर घातली आणि आजोबा मोकाटच?

भलतीच_गर्दी

बंदीवरून आठवलं, चिनी माल वापरणाऱ्या तमाम लोकांनी आधी स्वतःच्या घरात बघावं. मागच्या सरकारच्या काळात...

संपादक_मंडळ

भलतीच_गर्दी, राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. या धाग्यावर फक्त गवत. पुढचे काही प्रतिसाद उडवले आहेत.

पिंग२४०

तांत्रिक मदत. वणीचा_वाघ, तुझा लॅपटॉप फार दोषी नाही. आर्मा ३ चं इंजिन जुनं आहे, बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. महागडं ग्राफिक्स कार्ड टाकूनही फार फरक पडत नाही, एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा. दृश्य अंतर आणि वस्तूंचं अंतर असे दोन वेगळे सरकपट्टे आहेत, दोन्ही कमी कर. हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलव.

इथून युरोपातल्या सर्व्हरला पिंग (संदेश जाऊन परत यायचा वेळ) भरपूर लागतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये तेवढ्यात आपण मेलेलो असतो. आर्मात मिळून कॉम्प्युटरविरुद्ध खेळताना चालून जातं, कारण सगळंच सावकाश असतं. नवा हवा असेल तर 'आर्मा रिफॉर्जर' आहे, नवं इंजिन, दिसायला देखणा, कन्सोलवरही चालतो. पण मॉडचा खजिना आणि मोहिमा अजून तिसऱ्यातच जास्त.

गवतातला_नाग

धागाकर्ते गायब दिसतायत, पण मूळ प्रश्नाला एकदा नीट उत्तर देतो, कारण मजा कशात आहे ते मी वर अर्धवटच लिहिलं.

आमचा शनिवार रात्रीचा गट आहे. पुणे, नाशिक, मडगाव, एक जण दुबईत. एक जण 'झूस' होतो, म्हणजे वरून सगळा नकाशा बघत शत्रू कुठे उतरवायचा ते तो तिथल्या तिथे ठरवतो. रेडिओचा मॉड लावतो, त्यामुळे जवळचा माणूस जवळून ऐकू येतो आणि दूरच्याशी बोलायला खरंच बटण दाबून वाहिनी निवडावी लागते. परवाचा संवाद, जसाच्या तसा:

"डावीकडं हललं काहीतरी!"
"कुणाच्या डावीकडं?"
"माझ्या रे!"
"तू कुठं आहेस?"
"झाडामागं!"
"बेटावर लाखभर झाडं आहेत, भाऊ."

तेवढ्यात मशीनगन सुरू झाली आणि चौघे आडवे. त्यानंतर आमचा मडगावचा दादा, जो एरवी तोंडात मूग धरून असतो, एवढंच म्हणाला: "दिशा शून्य-चार-शून्य, तीनशे मीटर, पांढरं घर, वरची खिडकी." आठ माणसांच्या नळ्या एकदम तिकडे वळल्या. मी डॉक्टरांनी लिहिलंय तसा एकाचा पाय आवळत बसलो होतो, मला तर शत्रू दिसलाही नाही. त्या रात्री मी एकही गोळी झाडली नाही आणि तीन तास कसे गेले कळलं नाही.

ज्याला एकट्याने, अर्ध्या तासात, जेवण व्हायच्या आत खेळायचंय त्याने खुशाल परत करावा. त्यात काही कमीपणा नाही. हा खेळ माणसं असली तरच खेळ आहे, एकट्याला ते पदभ्रमण आहे, तेही पायांना व्यायाम न देणारं.

फौजीआण्णा

मडगावच्या दादाला सॅल्यूट सांगा. दिशा, अंतर, खूण. आम्हाला याच्यासाठी उन्हात उभं करून घोकून घेत होते. आणि "माझ्या डावीकडं" म्हणणाऱ्याला मैदानाची एक फेरी.

आडवाटेचा

गायब नव्हतो, वाचत होतो. सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बूटकॅम्प केला. कंट्रोल-डब्ल्यूची गोष्ट कोणी आधी का सांगितली नाही! गवतातला_नाग, पैज तुम्ही जिंकलात, पूर्ण उभाच राहिलो होतो. रिफंडचे दोन तास आता उलटून गेले, तो विषय संपला.

मित्राच्या सर्व्हरवरची माणसं मात्र सगळी जर्मनीतली आहेत आणि माझ्या इंग्रजीत "पांढरं घर, वरची खिडकी" एवढ्या वेगाने निघत नाही. तुमच्या शनिवारच्या गटात नवखा चालेल का? रात्री दहानंतर मोकळा असतो.

गवतातला_नाग

या की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, त्यात मॉडची यादी आहे. शुक्रवारीच उतरवायला लावा, आकार बघून घाबरू नका. माइक मात्र बरा हवा. लॅपटॉपचा आतला माइक असेल तर पंख्याचाच आवाज येतो.

वणीचा_वाघ

मले पण पाठव यादी. पंखा म्यूट करून येतो.

खारीबिस्किट

मी झाडामागे आहे. माझ्या डावीकडच्या.